विश्लेषण : सव्वाशे वर्षांपूर्वी हायब्रिड गाडी बनवणारे फर्डिनांड पोर्श कोण होते?

हायब्रिड गाडी म्हटले की बहुतेकांना टोयोटाची १९९७ मधील प्रियस आठवते. पण पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत बसवण्याचे काम त्याच्या जवळपास शंभर वर्षे आधी व्हिएन्नातील एका तरुणाने केले होते. त्याचे आडनाव आज स्पोर्ट्‌स कारवर झळकते. ते तंत्र काय होते, ते मागे का पडले आणि पुढे रणगाड्यात कसे पोहोचले?

सुरुवात कुठे झाली?

फर्डिनांड पोर्श यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडॉर्फ येथे झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांचा पत्रेकामाचा व्यवसाय होता. मुलाला मात्र ओढ होती विजेची. १८९३ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, ते व्हिएन्नातील एका विद्युत उपकरणांच्या कंपनीत लागले. अभियांत्रिकीची रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे नावामागे लागलेले ‘डॉक्टर’ हे मानद होते.

पहिली हायब्रिड कशी चालायची?

बग्ग्या बनवणाऱ्या लोनर कंपनीसाठी पोर्श यांनी विजेची गाडी तयार केली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ती मांडली गेली, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. या गाडीच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यातच मोटर बसवली होती. त्यामुळे गिअर, साखळी, पट्टा यांची गरजच उरली नाही.

अडचण होती बॅटरीची. शिशाच्या बॅटऱ्या प्रचंड जड होत्या आणि चार्जिंगची सोय जागोजागी नव्हती. पोर्श यांनी यावर उपाय काढला. गाडीतच पेट्रोल इंजिन बसवायचे, पण ते चाकांना जोडायचे नाही. इंजिनाने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर चाकांतील मोटरी चालवायच्या. ही ‘सेम्पर विवुस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सदा जिवंत’. आजच्या भाषेत ही सिरीज हायब्रिड. निस्सानचे ई-पॉवर तंत्र याच तत्त्वावर चालते.

मग ती मागे का पडली?

एका गाडीत इंजिन, जनरेटर, बॅटरी आणि मोटरी असा दुहेरी खर्च आणि दुहेरी वजन आले. वीजप्रवाहावर बारीक नियंत्रण ठेवणारे इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हते. चाकातच मोटर असल्याने चाक जड व्हायचे आणि खडबडीत रस्त्यावर धक्के वाढायचे. दुसरीकडे पेट्रोल गाड्या सुधारत गेल्या. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीची मोठी सोयच हिरावली गेली.

पोर्शही १९०६ मध्ये ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत तांत्रिक प्रमुख झाले. १९१० च्या प्रिन्स हेन्री स्पर्धेत स्वतः गाडी चालवून ते जिंकले. इंजिन-जनरेटर-मोटर ही कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. जड तोफा ओढणाऱ्या लष्करी गाड्यांत त्यांनी ती वापरली. पुढच्या वाहनात वीज तयार व्हायची आणि तारांवाटे मागच्या डब्यांच्या चाकांतील मोटरींना मिळायची.

हिटलरशी संबंध काय?

डाइमलर आणि श्टायरमध्ये काम केल्यावर १९३१ मध्ये पोर्श यांनी श्टुटगार्टला स्वतःची संस्था काढली. तिचे एक सहसंस्थापक, शर्यतपटू आडोल्फ रोझेनबर्गर, ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांना आपला हिस्सा दर्शनी किमतीला सोडावा लागला. त्याच वर्षी नाझींनी त्यांना अटक केली. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला.

पोर्श यांच्याकडे मात्र कामाचा ओघ सुरू झाला होता. ऑटो युनियनच्या १६ सिलिंडरच्या रेसिंग कारचा आराखडा त्यांचाच. १९३४ मध्ये जनतेच्या गाडीचे, म्हणजे फोक्सवागनचे काम मिळाले. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. दर आठवड्याला ५ मार्क भरून गाडी मिळवण्याच्या योजनेत तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे गुंतवले. युद्धाआधी किंवा युद्धात त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. कारखाना लष्करी उत्पादनाकडे वळला आणि तिथे सुमारे २० हजार माणसांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. त्यात छळछावण्यांतील कैदीही होते. या कारखान्याच्या प्रमुखांमध्ये पोर्श होते.

याच काळात त्यांनी जुनी कल्पना रणगाड्यात घातली : दोन पेट्रोल इंजिने, जनरेटर आणि विजेच्या मोटरी. इंजिने वारंवार बिघडायची, शिवाय मोटरींना तांबे भरपूर लागायचे. सैन्याने हेन्शेल कंपनीचा टायगर निवडला. तोवर तयार झालेल्या सुमारे ९० सांगाड्यांवर तोफा चढवून रणगाडाविरोधी वाहने बनवली गेली. त्यांना नाव दिले ‘फर्डिनांड’. जुलै १९४३ मध्ये ती कुर्स्कच्या लढाईत उतरली.

शेवट कसा झाला?

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्श यांना अटक केली. सुमारे २० महिने ते कैदेत होते. १९४८ मध्ये मुलगा फेरी यांनी ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावात पोर्श ३५६ ही त्यांच्या नावाची पहिली स्पोर्ट्‌स कार बनवली. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टमध्ये पोर्श यांचे निधन झाले. बीटलची विक्री पुढे दोन कोटींच्या वर गेली.

आज त्यांच्याकडे कसे पाहावे?

चाकातील मोटर १९७१ मध्ये नासाच्या चांद्रगाडीतून चंद्रावर फिरली. हायब्रिडही परतली. ९१८ स्पायडर ही पोर्श कंपनीची हायब्रिड सुपरकार २०१० मध्ये जिनिव्हात आधी कॉन्सेप्ट म्हणून दिसली आणि नंतर तिच्या ९१८ गाड्या बनल्या. २०११ मध्ये कंपनीने सेम्पर विवुसची हुबेहूब प्रतिकृतीही मांडली.

पोर्श यांचे तंत्र काळाच्या पुढे होते. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सला तिथवर पोहोचायला शंभर वर्षे लागली. पण सम्राटाची तोफगाडी असो वा हिटलरचा रणगाडा, आपले यंत्र कोणाच्या हाती जाते आणि ते कोणाच्या श्रमावर बनते, हा प्रश्न त्यांच्या कामाच्या आड कधी आला नाही. त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडताना सेम्पर विवुससोबत रोझेनबर्गर आणि ते २० हजार मजूरही मोजावे लागतात.