ओले एव्हिनरूड : होडीच्या मागे मोटर बसवणारा माणूस



आज आपण ओले एव्हिनरूड यांची माहिती घेणार आहोत. ओले हे नाव फळ्यावर लिहिलं की वर्गात हशा पिकतो. मुलांना वाटतं, हा माणूस पावसात भिजला होता की काय! पण ओले हे नॉर्वे देशातलं अगदी साधं, घरोघरी आढळणारं नाव आहे, आपल्याकडे गणपत किंवा रामचंद्र असतं तसं. गंमत म्हणजे या ओलेंचं सगळं आयुष्य खरोखर पाण्याच्या काठानेच गेलं.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेमध्ये झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला गेलं. अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिथे हजारो तळी आहेत. उन्हाळ्यात लोक त्यात मासे धरतात, हिवाळ्यात ती गोठतात. या राज्यातल्या केंब्रिज गावाजवळ, रिप्ली तळ्याच्या परिसरात वडिलांनी शेती सुरू केली.

छोट्या ओलेचं शेतीत मन रमेना. शाळाही फारशी झाली नाही. त्याचं सगळं लक्ष होडीकडे. पोरवयातच त्याने स्वतः होडी बांधायला घेतली. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. एक होडी तर त्यांनी मोडूनच टाकली असं सांगतात. पोरगा मात्र हटला नाही. त्याने दुसरी होडी बांधली, तिला शीड लावलं, आणि तळ्यावर येणाऱ्या हौशी लोकांना २५ सेंट घेऊन फिरवायला लागला.

वयाच्या सोळाव्या वर्षी ओले मॅडिसन शहरात गेले. दिवसा शेती अवजारांच्या कारखान्यात काम आणि रात्री गणित व यंत्रांची पुस्तकं, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद गिरणीत, शिकागोच्या कारखान्यात अशी मजल दरमजल करत ते मिलवॉकी शहरात आले. १९०० साली एका भागीदाराबरोबर इंजिन बनवण्याचा छोटासा कारखाना काढला. हातात कला होती, पण व्यवहार जमत नव्हता. हिशेब राहून जायचे, पत्रांना उत्तरं जायची नाहीत. भागीदाऱ्या झाल्या आणि मोडल्या.

इथे या गोष्टीत बेस केरी येते. बेस कारखान्याच्या शेजारीच राहायची आणि व्यवसायाचं शिक्षण घेत होती. तिने ओलेंची पत्रं लिहायला सुरुवात केली, मग हिशेबाच्या वह्याही हातात घेतल्या. ओलेंची माहिती लिहिताना बरेच जण बेसला आइस्क्रीमच्या गोष्टीपुरतंच आणतात. मला ते पटत नाही. का ते पुढे कळेलच.

तर ती आइस्क्रीमची गोष्ट. १९०६ चा उन्हाळा. ओले, बेस आणि मित्रमंडळी ओकॉची तळ्यावर सहलीला गेली होती. कडक ऊन होतं. बेसला आइस्क्रीम खावंसं वाटलं, पण आइस्क्रीम मिळणार ते तळ्याच्या पलीकडे. ओले होडीत बसले आणि वल्हवत निघाले. जाऊन येऊन अंतर सुमारे आठ किलोमीटर! परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं होतं. वल्ही मारून मारून हात भरून आले, तेव्हा त्यांच्या मनात आलं की होडीला मोटर का नसावी? गोष्ट सांगताना थोडी रंगवली गेली असेलही, पण एव्हिनरूड कुटुंबात ती अशीच सांगितली जायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, राल्फ.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आउटबोर्ड मोटर ओलेंनीच सगळ्यात आधी बनवली असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. त्यांच्या आधीही अशा मोटारी निघाल्या होत्या. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या अमेरिकन तरुणाने तर १९०५ च्या सुमारास मोटर बनवून नंतर विकायलाही सुरुवात केली होती. ओलेंचं श्रेय वेगळं आहे. साध्या माणसाला भरवशाने वापरता येईल अशी मोटर त्यांनी बनवली.

आउटबोर्ड म्हणजे काय, हे कोकणातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या ट्रॉलरचं इंजिन पोटात असतं. छोट्या होडीचं, किंवा मालवणला पर्यटकांना फिरवणाऱ्या नौकेचं इंजिन मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं असतं. तीच आउटबोर्ड मोटर. देशावरच्या मुलांनी डोळ्यासमोर असं चित्र आणावं : वर इंजिन, त्यातून खाली पाण्यात उतरणारा उभा दांडा, आणि टोकाला पंखा. पंखा पाणी मागे ढकलतो, होडी पुढे जाते. न्यूटनचा तिसरा नियम!

ओलेंची रचना अशी होती. इंजिनचा सिलिंडर आडवा, फिरणारा दांडा उभा, त्याच्या डोक्यावर जड चाक. खाली पाण्यात दातेरी चाकांची पेटी, जी उभ्या फिरण्याचं आडव्या फिरण्यात रूपांतर करते. चाकावरच्या मुठीला धरून हाताने गरकन फिरवलं की इंजिन सुरू व्हायचं. हात वेळेवर काढला नाही तर बोटांची सालटी निघायची, हेही खरं. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही बहुतेक आउटबोर्डचा सांगाडा हाच आहे.

पहिला नमुना पाहून बेसला ती वस्तू कॉफी दळायच्या यंत्रासारखी वाटली होती. तिचं फारसं चुकलं नव्हतं, फोटो पाहा म्हणजे कळेल. पण ओलेंनी मोटर सुधारली आणि १९०९ मध्ये एका मित्राला वापरायला दिली. मित्र परत आला तो दहा मोटारींची मागणी घेऊनच. या मोटरची ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. १९११ मध्ये पेटंटही मिळालं.

आता बेसचं काम बघा. मोटर चांगली आहे हे लोकांना कळणार कसं? बेसने जाहिरात लिहिली. वल्ही मारायचे दिवस संपले, ती फेकून द्या, अशा अर्थाची ती जाहिरात होती. तिने पत्रं पाठवली, परदेशी व्यापाऱ्यांशी बोलणी केली. न्यूयॉर्कमधल्या एका डॅनिश निर्यातदारामार्फत मोटारी समुद्रापार जाऊ लागल्या. ज्या नॉर्वेतून छोटा ओले आला होता, तिथल्या कोळ्यांच्या होड्यांना आता त्याचीच मोटर लागली. ख्रिस मायर नावाच्या धनिकाने कंपनीत भांडवल घातलं. कारखाना वाढत गेला.

पण घर, लहान मूल आणि कंपनीचा सगळा पत्रव्यवहार यांत बेसची तब्येत ढासळली. ओलेंपुढे प्रश्न उभा राहिला, कंपनी की बायको? १९१४ च्या सुमारास त्यांनी आपला हिस्सा मायर यांना विकून टाकला. पाच वर्षं या धंद्यात पाऊल टाकणार नाही असा करार केला, आणि बायको-मुलाला घेऊन देशभर फिरायला निघाले. कंपनीचं नाव मात्र एव्हिनरूडच राहिलं, फक्त तिच्यात एव्हिनरूड नव्हते. धंदा ऐन भरात असताना असा निर्णय घेणं सोपं नव्हतं. मला तर त्यांच्या पेटंटपेक्षा हीच गोष्ट जास्त मोठी वाटते.

ओले फिरत होते, पण डोकं थांबलेलं नव्हतं. आपली मोटर जड आहे ही खंत त्यांच्या मनात होती. मोटर घरातून तळ्यापर्यंत उचलून न्यावी लागते, होडीला लावावी लागते, संध्याकाळी परत काढावी लागते. प्रत्येक किलो माणसाच्या खांद्यावर येतो. पाच वर्षांचा करार संपला तेव्हा त्यांच्याकडे नवी मोटर तयार होती. अ‍ॅल्युमिनियम वापरलेली, दोन सिलिंडरची, ३ अश्वशक्तीची, आणि वजन फक्त ४८ पौंड, म्हणजे सुमारे २२ किलो. ताकद दुप्पट आणि वजन कमी!

ही मोटर घेऊन ओले आधी मायर यांच्याकडेच गेले. मायर यांनी नकार दिला. मग १९२१ मध्ये ओले आणि बेस यांनी एल्टो नावाची नवी कंपनी काढली. एव्हिनरूड लाइट ट्विन आउटबोर्ड या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव बनलं. बाजारात आता एका बाजूला एव्हिनरूड नावाची कंपनी आणि दुसऱ्या बाजूला खुद्द एव्हिनरूड. स्वतःच्याच नावाशी स्पर्धा! हलकी मोटर लोकांना आवडली आणि एल्टो वेगाने पुढे गेली.

तोपर्यंत राल्फ मोठा झाला होता. तो कॉलेज सोडून कंपनीत आला. वडिलांना वजनाचा ध्यास, तर मुलाला वेगाचा. १९२८ मध्ये एल्टोने चार सिलिंडरची, १८ अश्वशक्तीची मोटर बाजारात आणली. १९२९ मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि लॉकवूड नावाची तिसरी कंपनी एकत्र झाल्या आणि ओले त्या मोठ्या कंपनीचे अध्यक्ष झाले. पंधरा वर्षांनी त्यांचं नाव त्यांच्याकडे परत आलं. पण त्याच वर्षी अमेरिकेत महामंदी सुरू झाली. ज्याला दोन वेळच्या जेवणाची चिंता, तो होडीची मोटर कुठून घेणार? ते दिवस फार कष्टाचे गेले. १९३३ च्या मे महिन्यात बेसचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, मिलवॉकीमध्ये ओले गेले. वय अवघं ५७.

कंपनीची धुरा राल्फने घेतली. जॉन्सन ही मोठी प्रतिस्पर्धी कंपनीही पुढे त्यांच्यात सामील झाली. उतारवयात राल्फ फ्लोरिडा राज्यातल्या जेन्सन बीच या गावी राहत असत. हे ठिकाण महत्त्वाचं आहे. तिथून जवळच समुद्रात गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह वाहतो आणि त्यात पाठीवर शिडासारखा पंख असलेला सेलफिश मासा मिळतो. गळाने त्याला धरायचं, त्याच्याशी झुंजायचं आणि बहुतेक वेळा परत सोडून द्यायचं, असा तिथला खेळ आहे.

या खेळासाठी आज ज्या नौका वापरतात त्यांना सेंटर कन्सोल म्हणतात. सुकाणूचं चाक आणि सगळी उपकरणं नौकेच्या मधोमध उभ्या पेटीवर असतात, आणि चारही बाजूंना मोकळी जागा. असं का? गळाला लागलेला मासा एका जागी थांबत नाही. तो नौकेभोवती गोल फिरतो, खालून पलीकडे जातो, आणि गळवाल्याला दोरीबरोबर कडेकडेने पळावं लागतं. इंजिन आत असतं तर पायाखालची जागा त्याने अडवली असती. ते मागे बाहेर लटकतं म्हणून आतलं सगळं माणसाला मिळतं. शिवाय मोठ्या नौकेला तीन-चार, कधी पाच मोटारी शेजारी शेजारी लावतात. भर समुद्रात एक बंद पडली तरी बाकीच्या घरी आणतात. एका तळ्यासाठी काढलेली मोटर किनाऱ्यापासून कितीतरी लांब गेली ती अशी.

आता वही काढा आणि भागाकार करा. १९०९ ची मोटर २८ किलो, दीड अश्वशक्ती. म्हणजे एका अश्वशक्तीमागे जवळपास १९ किलो. एल्टो २२ किलो, ३ अश्वशक्ती. म्हणजे सात किलोच्या थोडं वर. मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये आणलेली ६०० अश्वशक्तीची आउटबोर्ड सुमारे ५७० किलोची आहे. म्हणजे एका अश्वशक्तीमागे एक किलोसुद्धा नाही! अशा चार मोटारी एका नौकेला लावल्या तर २४०० अश्वशक्ती, म्हणजे ओलेंच्या पहिल्या मोटरच्या १६०० पट. खांद्यावर मात्र यातली एकही उचलता येणार नाही, तिला क्रेनच लागते.

राल्फ यांचं निधन १९८६ मध्ये झालं. नंतर त्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली, २००१ मध्ये बॉम्बार्डियर या कॅनडातल्या कंपनीने एव्हिनरूड हे नाव विकत घेतलं, आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटारींचं उत्पादन बंद झालं. तो शेवटचा कारखानाही विस्कॉन्सिनमध्येच होता. मोटारी मात्र अजून चालू आहेत. रिप्ली तळ्यावरच्या होड्यांना त्या आजही दिसतात.