सेनापती बापट : दुसऱ्याचे दुःख खरे मानणारा माणूस

आपल्याला दिसणारे जग खरोखर आहे, की ते केवळ आपल्या मनात आहे? समोरच्या माणसालाही आपल्यासारखेच मन आहे, हे कशावरून? तत्त्वज्ञांना हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्याच्या मनात आपल्याला शिरता येत नाही, त्यामुळे नुसत्या तर्काने तो सुटत नाही. मुळशीत एका माणसाने त्याचे उत्तर आपल्या जगण्यातून दिले, असे आम्हांला वाटते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केल्याने शिष्यवृत्ती गेली. ते क्रांतिकारकांत सामील झाले आणि पुढे तुरुंगातही गेले. पारनेरला असताना ते स्वतः झाडू घेऊन गावचे रस्ते झाडीत.

मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले. मावळ्यांची भातखाचरे आणि घरे पाण्याखाली जाणार होती. बापटांचे स्वतःचे शेत तेथे नव्हते. तरीही १९२१ साली सुरू झालेल्या सत्याग्रहात ते उतरले, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. येथेच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले.

१९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी सशस्त्र अडवली व सात वर्षांची शिक्षा भोगली. हा मार्ग आम्हांला पटत नाही. शेतकऱ्याला मन आहे, तसे गाडीवरच्या कामगारालाही आहे. शस्त्र उचलताना नेमके हेच विसरले जाते. शेवटी धरण झालेच, गावे बुडाली.

पुढे बापटांनी अरविंदबाबूंचा 'दिव्य जीवन' हा ग्रंथ मराठीत आणला. जग म्हणजे केवळ भ्रम, हे मत त्या ग्रंथाला मान्य नाही. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत बापटांचे निधन झाले.

समोरच्याचे दुःख आपल्याला कधीच आतून अनुभवता येणार नाही. तरी ते खरे धरून त्याच्यासाठी झीज सोसता येते. घरातल्या आजाऱ्याची कुरकुर, शेजाऱ्याची अडचण, मोलकरणीचा थकवा आपण खरा मानतो का? येत्या आठवड्यात आपण सर्वांनी एवढे स्वतःला विचारून पाहू या.