चवदार तळ्याचा न्यायालयीन लढा

२५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरोबर २७ वर्षांपूर्वी, त्याच दिवशी, महाडच्या परिषदेत होते. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी तेथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरताच काही सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो अनुयायी सज्ज असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला.

१९३१ साली महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. वादी ठाण्यास अपिलात हरले, मग उच्च न्यायालयात गेले. तळे नगरपालिकेचे होते आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. म्हणून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले.

एका ओंजळीच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली. पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तर कलम ३२ ने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले. या कलमास बाबासाहेब संविधानाचा आत्मा मानीत. हुकूम नीट वाचावा, पुरावा जपावा, मुदतीत अपील करावे, हीदेखील त्यांना वाहिलेली आदरांजलीच होय.