पिवळ्या गळ्याची चिमणी

सालिम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी त्यांना वाढवले. मामांना शिकारीची भारी हौस. त्यांनी भाच्याला छऱ्यांची एअरगन दिली. चिमण्या मारणाऱ्या मुलाला तेव्हा परवाना कोण विचारणार? मारलेली चिमणी घरात शिजतही असे!

एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाणे हलाल आहे का, असा प्रश्न सालिमला पडला. मामांनाही पक्षी ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड हे इंग्रज साहेब, म्हणून मुलगा दारातच घाबरला. पण साहेबांनी प्रेमाने पक्ष्याचे नाव सांगितले आणि कपाटाचे खण उघडून जपून ठेवलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलगा पाहतच राहिला.

पुढे सालिम अली पक्षी शोधत देशभर फिरले. 1931-32 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. अभ्यासाचे नमुने मिळवण्यासाठी त्यांनी पुढेही बंदूक वापरली, हे लपवायचे कारण नाही. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. 20 जून 1987 रोजी ते वारले.

त्याआधीच, 1972 साली, वन्यजीव संरक्षण कायदा झाला होता. 1991 मध्ये शिकारीचे परवानेही बंद झाले. आता हौसेच्या शिकारीची परवानगी मुलालाच काय, मोठ्यालाही मिळत नाही.

ती रानचिमणी झाडाच्या ढोलीत घरटे करते. पिवळा डाग नराच्या गळ्यावर असतो.