बापूदेव शास्त्री : आकडेमोडीत तरबेज असलेल्या मुलाची भूमितीशी गाठ कशी पडली?

कोल्हापूर जिल्ह्यातलं मलकापूर असो की मुंबई, गणितात वयाच्या पुढे धावणाऱ्या मुलाला घरीच शिकवणाऱ्या पालकांपुढे एक पेच असतो. आकडेमोड, बीजगणित तो झपाट्याने उरकतो. मग भूमितीसाठी त्याच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं? हाच पेच सुमारे १९० वर्षांपूर्वी एका मराठी मुलाच्या बाबतीत पडला होता.

त्याचं नाव नृसिंह. पुढे तो बापूदेव शास्त्री म्हणून ओळखला गेला. घराणं नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोके गावचं, जन्म १८२१ चा. नागपुरात मराठी शाळेत तो अंकगणित शिकला आणि पंडित ढुंढिराज मिश्र यांच्याकडे त्याने भास्कराचार्यांची 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे ग्रंथ अभ्यासले.

लीलावतीत भूमिती आहेच, पण ती आकड्यांच्या वाटेने येते. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. तर बांबू कुठे मोडला? नियम सोपा आहे. १६ चा वर्ग २५६, त्याला ३२ ने भागलं की ८. ३२ मधून ८ गेले, उरले २४. त्याचे निम्मे १२. म्हणजे जमिनीपासून १२ हातांवर.

उत्तर बरोबर आहे. पण हुशार मुलगा हे गणित आकृती न काढताही सोडवू शकतो, आणि खरी अडचण तीच आहे. नियमाची उपपत्ती टीकाकारांनी दिलेली असते, पण ज्याला उत्तर आधीच मिळालंय तो तिकडे कशाला वळेल?

१८३८ मध्ये सिहोरचे ब्रिटिश पॉलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या नजरेत हा मुलगा भरला. भोपाळजवळच्या सिहोरला त्यांच्या देखरेखीखाली संस्कृत पाठशाळा चालत असे. बापूदेवांना त्यांनी तिकडे नेलं.

विल्किन्सन यांचं मत त्या काळातल्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांपेक्षा वेगळं होतं. युरोपातलं विज्ञान थेट माथी मारण्याऐवजी विद्यार्थ्याला जे ग्रंथ आधीच आपले वाटतात, त्यांच्यापासून सुरुवात करावी, असं त्यांनी १८३४ मध्ये एका लेखात मांडलं होतं. भास्कराचार्यांपासून निघून कोपर्निकसपर्यंत जायचं, असा तो बेत. याच सिहोरच्या सुबाजी बापूंनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिलं.

म्हणून सिहोरला बापूदेवांचा सिद्धांतग्रंथांचा अभ्यास थांबला नाही. त्याच्या जोडीनेच सेवाराम यांच्याकडे ते रेखागणित, म्हणजे युक्लिडची भूमिती शिकले. ही भूमिती संस्कृतला नवी नव्हती. अठराव्या शतकात जयपूरचे सवाई जयसिंह यांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबी ग्रंथावरून 'रेखागणित' रचलं होतं.

इथे आकडेमोडीतली चलाखी कामी येत नाही. युक्लिडची पहिलीच कृती पाहा. एक रेषाखंड दिलेला आहे, त्यावर समभुज त्रिकोण काढायचा. दोन्ही टोकं केंद्र धरून दोन वर्तुळं काढा, ती जिथे छेदतात तो तिसरा बिंदू. सगळ्या कृतीत एकही आकडा नाही. त्रिज्या सारख्या, म्हणून बाजू सारख्या, एवढंच. ज्या मुलाला उत्तर चटकन सुचतं त्याला इथे थांबून कारण द्यावंच लागतं. तरीही पायरी इतकी लहान की दमछाक होत नाही.

१८४१ मध्ये विल्किन्सन वारले. पण पुढच्याच वर्षी, विशीच्या बापूदेवांना काशीच्या संस्कृत पाठशाळेत नेमणूक मिळाली, तीही रेखागणित शिकवण्यासाठी. पुढची सारी हयात तिथेच गेली. 'सूर्यसिद्धांता'चं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याहून निघालं. विल्किन्सन यांनी केलेलं 'गोलाध्याया'चं भाषांतरही त्यांनीच तपासून दिलं. १८७८ मध्ये सी.आय.ई. आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय हे किताब मिळाले. १८९० मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या पुस्तकांच्या यादीत त्रिकोणमिती आहे, बीजगणित आहे. रेखागणिताचा मात्र फक्त पहिला अध्याय आहे. युक्लिडच्या पहिल्या अध्यायात ४८ सिद्धांत आहेत. सुरुवात त्या समभुज त्रिकोणाने होते आणि ४७ वा सिद्धांत असतो काटकोन त्रिकोणाच्या बाजूंवरच्या चौरसांचा. मोडलेल्या बांबूचं गणित ज्याच्या जोरावर सुटतं, तोच हा सिद्धांत.