जमशेदजी टाटा

जमशेदजी नसरवानजी टाटा (३ मार्च १८३९, नवसारी – १९ मे १९०४, बाड नाउहाइम, जर्मनी) हे भारतीय उद्योजक व टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक होते. मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल त्यांनी बांधवले. पोलाद कारखाना, विज्ञानसंस्था, जलविद्युत प्रकल्प आणि हे हॉटेल या त्यांच्या चार मोठ्या संकल्पांपैकी केवळ हॉटेलच त्यांच्या हयातीत उभे राहिले.

पूर्वायुष्य

जमशेदजींचा जन्म गुजरातमधील नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते वडिलांकडे मुंबईस आले. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण १८५८ मध्ये पूर्ण करून ते व्यापारात उतरले. १८६८ मध्ये २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. अद्ययावत यंत्रसामग्री परदेशांत स्वतः पाहून आणण्याची त्यांची पद्धत पुढे हॉटेलच्या उभारणीतही दिसून आली.

ताजमहाल हॉटेल

त्या काळी वॉटसन्स हे मुंबईतील नामांकित हॉटेल होते. १८७१ मध्ये सुरू झालेल्या या इमारतीचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून मुंबईत जोडण्यात आला होता. तेथे केवळ युरोपीय लोकांना प्रवेश असे. या हॉटेलात प्रवेश नाकारल्यामुळे जमशेदजींनी ताज बांधले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. मात्र तिला समकालीन पुरावा मिळत नाही. १८९६ मध्ये आलेल्या प्लेगच्या साथीने मुंबईचा लौकिक घसरला होता. परदेशी प्रवाशांना भारताकडे आकर्षित करावे व शहराला गतवैभव मिळवून द्यावे, हा त्यांचा हेतू असल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. सिंगापूरमध्ये १८८७ पासून रॅफल्स हॉटेल चालू होते. मुंबईत त्या तोडीचे हॉटेल नव्हते.

हॉटेलचा खर्च जमशेदजींनी पेढीवर न टाकता स्वतः उचलला. कुटुंबीयांनाही हा व्यवसाय त्यांच्या प्रतिष्ठेस साजेसा वाटत नव्हता. इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा या भारतीय वास्तुविशारदांनी केला. पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्णत्वास नेले. बांधकाम सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी केले. मध्यभागी अधांतरी भासणारा जिना हीही त्यांचीच रचना मानली जाते. राजपूत, मोगल व युरोपीय शैलींचा मिलाफ असलेल्या या इमारतीचा मोठा घुमट बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दुरून दिसू लागला. तेव्हा गेटवे ऑफ इंडिया अस्तित्वात नव्हते. ते १९२४ मध्ये खुले झाले.

जमशेदजींनी युरोपात हिंडून विजेची यंत्रे, दिवे व लोखंडी खांब स्वतः निवडले. विजेचे दिवे, पंखे, उद्वाहक आणि तुर्की स्नानगृहे यांचे मुंबईकरांना मोठे अप्रूप वाटले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले, तेव्हा बांधकाम पूर्ण झाले नव्हते. पहिल्या दिवशी केवळ १७ पाहुणे होते.

इमारत चुकून उलटी बांधली गेल्याने इंग्रज वास्तुविशारदाने आत्महत्या केली, अशी दंतकथा सांगितली जाते. प्रत्यक्षात आराखडा भारतीयांनी केला होता. घोडागाड्या शहराकडून येत असल्यामुळे मूळ प्रवेशद्वार पश्चिमेस ठेवले होते, तर समुद्राकडील बाजू खोल्यांसाठी राखली होती.

मृत्यू व वारसा

हॉटेल सुरू झाल्यावर अवघ्या पाच महिन्यांनी जमशेदजींचे जर्मनीत निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. उरलेले तीन संकल्प त्यांचे पुत्र दोराबजी व सहकाऱ्यांनी पूर्ण केले. पोलाद कंपनी १९०७ मध्ये व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरील खोपोली येथे १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू होऊन सह्याद्रीच्या पाण्यापासून निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

पहिल्या महायुद्धात ताजमध्ये रुग्णालय चालवण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ रोजीच्या दहशतवादी हल्ल्यात या वास्तूची मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी तिचा जुना भाग पुन्हा खुला करण्यात आला.