परदेशी कंपन्या म्हणत होत्या भारतात फारसं तेल नाही, या मंत्र्याने ते काढून दाखवलं

पेट्रोलचा भाव वाढला की आपण सरकारला नावं ठेवतो, पंपावर रांग लावतो आणि गप गाडीत तेल भरतो. पण एक काळ असा होता की तेल कुठून आणायचं, कुठल्या भावानं विकायचं, हे ठरवणं भारत सरकारच्याही हातात नव्हतं.

ते चित्र बदलणाऱ्या माणसाचं नाव, केशवदेव मालवीय.

मालवीय मूळचे अलाहाबादचे. जन्म १९०४ चा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत त्यांनी तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलं. पुढं स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगवास भोगला आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सरकारमध्ये मंत्री झाले. त्यांच्याकडं नैसर्गिक साधनसंपत्तीचं खातं आलं.

तेव्हा देशात तेल निघायचं ते फक्त आसाममध्ये. बाकी सगळं बाहेरून यायचं. बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या तीन परदेशी कंपन्यांच्या हातात बाजार होता. मुंबईत ट्रॉम्बेला आणि विशाखापट्टणमला त्यांनी रिफायनऱ्या उभारल्या, पण त्यात लागणारं कच्चं तेल त्या आपल्याच मूळ कंपन्यांकडून, त्यांच्याच भावानं आणायच्या. आसाम सोडला तर भारतात फारसं तेल मिळणार नाही, असाच त्यांचा सूर होता.

मालवीयांना हे पटत नव्हतं. ज्याचा धंदा तेल विकण्याचा आहे, तो गिऱ्हाईकाच्या अंगणात तेल शोधायला कशाला जाईल, हा साधा हिशोब होता.

त्यांनी सोव्हिएत तज्ज्ञांना बोलावलं. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी उभी राहिली. मुख्यालय डेहराडूनला. त्याच वर्षीच्या औद्योगिक धोरणात खनिज तेल सरकारी क्षेत्रासाठी राखून ठेवण्यात आलं.

सुरुवात काही चांगली झाली नाही. ज्वालामुखीजवळ विहीर खोदली, तिथं थोडा गॅस लागला, पण हवं ते तेल मिळालं नाही. पैसे पाण्यात जाणार असं वाटत असतानाच १९५८ मध्ये गुजरातमधल्या खंभातजवळ तेल लागलं. १९६० मध्ये अंकलेश्वरला त्याहून मोठा साठा सापडला.

त्याच वर्षी दुसरी लढाई सुरू झाली. सोव्हिएत युनियननं स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेही रुपयात. डॉलर आणि पौंडाची चणचण असलेल्या देशासाठी ही मोठीच गोष्ट होती. पण तिन्ही कंपन्यांनी आपल्या रिफायनरीत ते तेल शुद्ध करायला साफ नकार दिला.

मग सरकारनं दुसरी वाट धरली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ऑइलनं थेट तयार डिझेलच मागवलं. ऑगस्ट १९६० मध्ये मुंबईच्या पीर पाव जेट्टीवर सोव्हिएत जहाज लागलं. स्पर्धक आल्यावर परदेशी कंपन्यांनाही भावात सवलत द्यावी लागली. पुढं गुवाहाटी, बरौनी आणि कोयाळीला सरकारी रिफायनऱ्या सुरू झाल्या.

पण मालवीयांची खुर्ची टिकली नाही. ओडिशातल्या एका खाण कंपनीकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात चौकशी झाली आणि १९६३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. कोयाळीची रिफायनरी सुरू झाली तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते.

पुढं १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. काही महिन्यांत भाव चौपट झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’नं तेल शोधून काढलं. तेच आपलं बॉम्बे हाय. या समुद्राची पाहणी ओएनजीसीनं सोव्हिएत मदतीनं आधीच्या दशकात सुरू केली होती. त्याच वर्षी मालवीय पेट्रोलियम मंत्री म्हणून परतले. १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं तेव्हा खातं त्यांच्याकडंच होतं. बर्मा शेलचं राष्ट्रीयीकरणही त्याच वर्षीचं.

१९८१ मध्ये त्यांचं निधन झालं. डेहराडूनची ओएनजीसीची संशोधन संस्था आज त्यांच्या नावानं ओळखली जाते.

आजही भारत ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरूनच आणतो. म्हणजे मालवीयांची लढाई अर्धीच जिंकली गेली. फरक एवढाच की आज कुणाकडून तेल घ्यायचं हे भारत स्वतः ठरवू शकतो, कारण ते शुद्ध करायला आपल्या रिफायनऱ्या आहेत.